एकाच ऑपेराची दोन प्रेसिंग: तुलना करायची कशी?

एकाच ऑपेरा रेकॉर्डिंगची दोन प्रेसिंग, म्हणजे वेगवेगळ्या वेळी किंवा वेगवेगळ्या ठिकाणी दाबून काढलेल्या दोन एलपी, सारख्याच वाजतील, असं नवख्या माणसाला वाटणं साहजिक आहे. गायक तेच, वाद्यवृंद तोच, मूळ टेपही तीच. प्रत्यक्षात एका प्रतीत सोप्रानो (उंच पट्टीत गाणारी गायिका) समोर उभी राहून गाते आणि दुसरीत तोच आवाज पडद्याआडून आल्यासारखा वाटतो. हा मनाचा खेळ नव्हे. टेपपासून तबकडीपर्यंतच्या वाटेवर बऱ्याच माणसांनी बरेच निर्णय घेतलेले असतात आणि ते सगळे खाचेत उतरतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं: लेबलाच्या रंगावरून किंवा प्रतीच्या किमतीवरून निकाल देऊ नका. कटिंग, म्हणजे टेपवरून कोरलेली खाच, कसं आहे हा एक प्रश्न आणि तुमच्या हातातली प्रत किती झिजली आहे हा दुसरा प्रश्न. दोन्हींची उत्तरं वेगवेगळी शोधा. आणि अखेरचा कौल माणसाच्या आवाजाला देऊ द्या, कारण व्हायोलिन किंचित तिखट वाजलं तर कान ते चालवून घेतो, पण गळ्यातून आलेला स्वर खोटा वाटला की तो लगेच ओळखतो.

सुरुवातीला एकच ऑपेरा घ्या

दहा वेगवेगळ्या ऑपेरांच्या प्रती गोळा करण्यापेक्षा एकाच रेकॉर्डिंगच्या दोन-तीन प्रती मिळवा. मी उदाहरणासाठी वाग्नरचा ‘दास राइनगोल्ड’ घेतो: संचालक गेऑर्ग शोल्टी, वाद्यवृंद व्हिएन्ना फिलहार्मोनिक, ब्रिटिश रेकॉर्ड कंपनी डेक्का, व्हिएन्नातलं सोफिएनझाल सभागृह, सप्टेंबर-ऑक्टोबर १९५८. निर्माता जॉन कल्शॉ, ध्वनिअभियंता गॉर्डन पॅरी. जॉर्ज लंडन वोटानच्या भूमिकेत आहेत, गुस्ताव नाइडलिंगर आल्बेरिखच्या, आणि किर्स्टेन फ्लागस्टाड कारकिर्दीच्या अगदी अखेरीस फ्रिकाची भूमिका गातात. १९५९ मध्ये हा संच तीन तबकड्यांवर आला आणि तेव्हापासून तो कुठल्या ना कुठल्या रूपात निघतच राहिला आहे. म्हणून तुलनेला सोयीचा.

ढोबळमानाने तुमच्यासमोर चार प्रकार येतील. पहिला, ब्रिटनमधला मूळ संच, क्रमांक एसएक्सएल २१०१ ते २१०३. दुसरा, अमेरिकेत विकला गेलेला ओएसए १३०९, ज्यावर डेक्काऐवजी ‘लंडन’ असं नाव असतं. तिसरा, नंतरचं ब्रिटिश पुनर्मुद्रण, एसईटी ३८२ ते ३८४. आणि चौथा, २०२२ चं नवं प्रकाशन: मूळ टेपांचं २४ बिट, १९२ किलोहर्ट्झवर नव्याने डिजिटल हस्तांतरण करून, ॲबी रोड स्टुडिओत माइल्स शोवेल यांनी निम्म्या वेगाने कापलेलं. निम्म्या वेगाने कापताना टेपची फाइल आणि तबकडी दोन्ही अर्ध्या वेगाने फिरतात, त्यामुळे वरच्या पट्टीतले बारीक तपशील कापायला खाच कोरणाऱ्या यंत्राला जास्त वेळ मिळतो.

‘लंडन’ लेबलाबद्दल इथेच सांगून टाकतो. अमेरिकेत ‘डेक्का’ हे नाव दुसऱ्या कंपनीकडे होतं, म्हणून ब्रिटिश डेक्काला तिथे वेगळं नाव लावावं लागलं. पण साठ आणि सत्तरच्या दशकातल्या या स्टिरिओ शास्त्रीय तबकड्या बहुतांशी इंग्लंडमध्येच, डेक्काच्या न्यू माल्डनच्या कारखान्यात दाबल्या जात आणि लेबलवर ‘मेड इन इंग्लंड’ छापलेलं असे. अनेकदा कटिंगही तेच. संग्राहक एसएक्सएलमागे धावतात तेव्हा नवख्याने शांतपणे ओएसए उचलावा, असा माझा सरळ सल्ला आहे.

तबकडी कशी घडते, एवढं तरी माहीत हवं

अभियंता टेप वाजवत लॅकरच्या मऊ थरावर खाच कापतो. लॅकरवर धातूचा मुलामा चढवून ‘फादर’ काढतात, त्यावरून ‘मदर’, मदरवरून ‘स्टँपर’, आणि स्टँपरने तापलेलं व्हिनाइल दाबलं की तबकडी. स्टँपर दाबून दाबून बोथट होतो, मग मदरवरून नवा काढतात. लॅकर मात्र नव्याने कापावं लागलं तर ते वेगळं कटिंग झालं: दुसरा दिवस, कदाचित दुसरा माणूस, ट्रेबल (वरच्या पट्टीतला आवाज) आणि आवाजाची पातळी यांचे वेगळे निर्णय. दोन प्रतींमध्ये जो मोठा फरक ऐकू येतो तो बहुधा इथला असतो. स्टँपरमुळे पडणारा फरक सहसा त्याहून लहान.

लेबल बाजूला ठेवा, कोऱ्या पट्टीत पाहा

शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीला डेड वॅक्स म्हणतात. तिथे कोरलेलं वाचणं हे या छंदातलं सर्वात उपयोगी कौशल्य आहे. तबकडी दिव्याखाली तिरकी धरा, मोबाइलच्या टॉर्चचा उजेड बाजूने पाडा आणि फोटो काढून मोठा करून बघा.

डेक्काच्या स्टिरिओ तबकडीवर लेबलाच्या खालच्या बाजूला, म्हणजे घड्याळात सहा वाजतात तिथे, ‘झेडएएल’ने सुरू होणारा मॅट्रिक्स क्रमांक असतो. त्याच्या शेवटी एक आकडा आणि एक अक्षर: १ई, २जी, ४डब्ल्यू असं काहीतरी. आकडा म्हणजे त्या बाजूचं कितवं कटिंग, अक्षर म्हणजे कापणारा अभियंता. ‘ई’ स्टॅन गुडॉल, ‘जी’ टेड बर्केट, ‘डब्ल्यू’ हॅरी फिशर. ही माणसं दशकानुदशकं डेक्काच्या तबकड्या कापत होती आणि त्यांच्या हातांचे चाहते आजही आहेत.

नऊ वाजण्याच्या जागी मदरचा क्रमांक असतो आणि तीनच्या जागी एखाद-दोन अक्षरं. ही अक्षरं म्हणजे स्टँपरचा क्रमांक, सांकेतिक भाषेत. ‘बकिंगहॅम’ या शब्दाची इंग्रजी स्पेलिंगमधली दहा अक्षरं घ्या: बी म्हणजे १, यू २, सी ३, के ४, आय ५, एन ६, जी ७, एच ८, ए ९ आणि एम ०. म्हणजे ‘यूके’ दिसलं तर चोविसावा स्टँपर. ईएमआय या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या तबकड्यांवर हीच पद्धत, फक्त सांकेतिक शब्द वेगळा: जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी, अनुक्रमे १ ते ९ आणि ०. एकदा ही किल्ली हातात आली की जुनी तबकडी उलटून बघण्यात काय मजा येते, ते स्वतःच अनुभवा.

ही माहिती प्रत्येक बाजूसाठी वेगळी लिहून ठेवा. सहा बाजूंच्या संचात पहिली बाजू पहिल्या कटिंगची आणि पाचवी बाजू चौथ्या कटिंगची असू शकते. ‘माझ्याकडे फर्स्ट प्रेसिंग आहे’ हे वाक्य ऑपेराच्या संचाला क्वचितच पूर्णपणे लागू पडतं. तुलना संचाची नव्हे, बाजूची करायची.

लेबलाकडे मग अजिबात पाहू नये का? पाहावं, पण काळ ठरवण्यापुरतं. डेक्काच्या सुरुवातीच्या लेबलांवर आडवा रुंद पट्टा असतो, १९७० च्या सुमारास तो अरुंद झाला. १९८० मध्ये डेक्का पॉलिग्राम या कंपनीकडे गेली, न्यू माल्डनचा कारखाना बंद झाला आणि प्रेसिंग हॉलंडला हलवलं गेलं. त्या तबकड्यांवर ‘मेड इन हॉलंड’ असतं. डच प्रेसिंग सहसा अत्यंत शांत, खरखर जवळजवळ नसलेलं. ऑपेरातल्या हलक्या जागांसाठी हा मोठाच गुण आहे आणि केवळ ‘मूळ नाही’ म्हणून त्यांना नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही.

आणखी एक गोष्ट. बऱ्याच जुन्या संचांत पहिल्या तबकडीच्या मागे दुसरी बाजू नसून सहावी असते. दुसऱ्या तबकडीवर दुसरी आणि पाचवी, तिसऱ्यावर तिसरी आणि चौथी. तबकड्या एकावर एक रचून आपोआप पाडणाऱ्या रेकॉर्ड चेंजरसाठी ती सोय होती. संच सदोष आहे असं समजून परत करू नका.

धुणं, सुई, वजन

दोन्ही प्रती एकाच पद्धतीने धुवा, नवी कोरी तबकडीसुद्धा. डिस्टिल्ड पाणी आणि रेकॉर्डसाठीचंच द्रावण वापरा. भांडी घासायचा साबण नको. एक प्रत धुतलेली आणि एक न धुतलेली, असं असेल तर तुम्ही प्रेसिंगची नव्हे, धुळीची तुलना करताय.

कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) एकच, सुईचा दाब उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत, आणि तो काट्यावर मोजलेला. नव्या १८० ग्रॅमच्या तबकड्या जुन्यांपेक्षा जाड असतात, त्यामुळे टोनआर्मचा (सुई धरणाऱ्या दांड्याचा) मागचा भाग थोडा उचलला नाही तर सुईचा कोन बदलतो. जाडीने आवाज आपोआप सुधारत नाही, हेही लक्षात असू द्या.

पातळी जुळवल्याशिवाय ऐकूच नका

तुलनेतली सगळ्यात मोठी फसवणूक इथे होते. दोन कटिंगची पातळी बहुतेक वेळा वेगळी असते आणि जे किंचित मोठं वाजतं ते कानाला ‘जिवंत’, ‘मोकळं’, ‘जवळचं’ वाटतं. अगदी एक डेसिबलचा फरकही पुरतो, आणि तो ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला आवाज’ म्हणून जाणवतो.

उपाय सोपा आहे. फोनो प्रीॲम्पमधून (सुईकडून येणारा क्षीण संकेत वाढवणाऱ्या उपकरणातून) दोन्ही प्रतींचा तोच उतारा संगणकावर २४ बिटमध्ये रेकॉर्ड करा. ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये दोन्हींची सरासरी पातळी बघा आणि मोठ्या फाइलची पातळी खाली आणा. लहान फाइल वर चढवण्यापेक्षा हे बरं. शिखरं, म्हणजे क्षणभराची कमाल पातळी, बघून पातळी जुळवू नका. एका कर्कश टिचकीने ती फसतात. सगळ्या फाइलींना क ख ग अशी नावं द्या, आणि कोणती फाइल कोणत्या प्रतीची हे दुसऱ्या कुणाला तरी ठरवू द्या. पहिल्या फेरीत तुम्हाला ते माहीत नसणं फार गरजेचं आहे. महागड्या प्रतीवर पैसे मोडलेले असले की कान तिच्या बाजूने झुकतो.

कोणते उतारे, आणि त्यांत काय ऐकायचं

इथे घाई नको. ‘राइनगोल्ड’मधले मी चार उतारे सुचवतो, प्रत्येक साधारण अर्धा-पाऊण मिनिट.

पहिला म्हणजे आरंभ. डबल बेसवर खालचा ई-फ्लॅट, सुमारे ३९ हर्ट्झ. तो वाजवता यावा म्हणून काही वादकांना सगळ्यात जाड तार अर्धा स्वर उतरवून घ्यावी लागते. त्यावर बसून (bassoon) हे फुंकवाद्य, मग एकामागून एक आठ हॉर्न, आणि १३६ मापं (बार) तोच एक सूर. या वेळी सुई तबकडीच्या सर्वात बाहेरच्या, म्हणजे सर्वात चांगल्या खाचेत असते आणि संगीत सर्वात हळू. पृष्ठभागाची खरखर, टर्नटेबलची घरघर, वाकलेल्या तबकडीचा हेलकावा, सगळं उघडं पडतं. बेसचा स्वर नुसता गुंजतो की गजाची तारेवरची घासणीही ऐकू येते, हे टिपा. हॉर्न आले की त्यांचा लांबवलेला सूर स्थिर आहे ना ते बघा. तो दर १.८ सेकंदांनी वरखाली डोलत असेल तर तबकडीचं भोक मध्यभागी नाही. ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने एक फेरी बरोबर १.८ सेकंदांत होते.

दुसरा उतारा त्याला लागूनच. १३७ व्या मापाला व्होगलिंडे ही राइनकन्या (राइन नदीतली जलपरी) गाऊ लागते: ‘वाइया! वागा! वोगं, डू वेलं’. एवढ्या वेळानंतर येणारा हा पहिला मानवी आवाज. तो दोन स्पीकरच्या मधोमध एका नेमक्या जागी आहे का? वाद्यवृंदाच्या पुढे आहे की त्यात बुडालेला? मला एका गोष्टीची फार ओढ असते: सूर चढताना आवाज पातळ न होता तसाच भरीव राहतो का. ट्रेबल उचलून कापलेल्या प्रतीत हा आवाज क्षणभर चमकदार वाटतो आणि थोड्याच वेळात कानाला बोचू लागतो.

तिसरा, निबेलहाइमकडे, म्हणजे जमिनीखालच्या बुटक्यांच्या जगाकडे, उतरतानाचा भाग. वाग्नरने स्वरलिपीत अठरा ऐरणी मागितल्या आहेत: नऊ लहान, सहा मोठ्या, तीन खूप मोठ्या. वाद्यवृंद विरत जातो, काही काळ ऐरणीच उरतात, आणि मग वाद्यवृंद परत येतो. चांगल्या कटिंगमध्ये तीन आकारांच्या ऐरणी वेगवेगळ्या ऐकू येतात, प्रत्येक घावाला आधी टोक आणि मग धातूची झंकार असते, आणि त्या डावीकडून उजवीकडे पसरलेल्या असतात. वाईट कटिंगमध्ये किंवा झिजलेल्या प्रतीत सगळ्यांचा मिळून पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा एकच खडखडाट होतो. हा उतारा एकटाच घेतला तरी अर्धा निकाल लागतो.

चौथा म्हणजे शेवट, आणि इथे जरा थांबतो, कारण एलपीवरच्या ऑपेराची खरी अडचण इथेच आहे. तबकडीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते. लेबलाजवळ तोच वेग २१ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे तेवढ्याच सेकंदाचं संगीत निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेलं असतं. दहा हजार हर्ट्झचं एक कंपन तिथे जेमतेम ०.०२ मिलिमीटरचं उरतं, आणि साध्या गोल टोकाच्या सुईला त्या वळणांत नीट शिरताच येत नाही. आता ऑपेराची रचना बघा. अंक चढत जातो आणि सर्वात मोठा आवाज अंकाच्या शेवटी, म्हणजे नेमका सगळ्यात अरुंद खाचेत. ‘राइनगोल्ड’च्या सहाव्या बाजूवर मेघगर्जनेचा देव डोनर याची ‘हेडा! हेडा! हेडो!’ ही हाक (एबरहार्ड वेख्टर), हातोड्याचा घाव, गडगडाट. मग इंद्रधनुष्याच्या पुलाच्या वीणा. मग खालच्या दरीतून राइनकन्यांचा दूरवरून येणारा विलाप. आणि लगेच वालहालाप्रवेशाचे (देवांच्या नव्या महालात शिरतानाचे) पितळी वाद्यांचे पूर्ण ताकदीचे स्वर. सगळं लेबलाकडे सरकत.

म्हणून या बाजूची तुलना करताना आधी बघा की संगीत लेबलापासून किती अंतरावर संपतं. दोन कटिंगमध्ये हे अंतर चक्क डोळ्यांनी वेगळं दिसू शकतं. एखाद्या अभियंत्याने पातळी थोडी कमी ठेवून खाचा दाट कापल्या आणि शेवट बाहेर ठेवला; दुसऱ्याने सुरुवातीचा आवाज दणदणीत ठेवला आणि शेवट आत ढकलला. मला पहिला मार्ग ऑपेरासाठी नेहमी बरा वाटत आला आहे. राइनकन्यांचे आवाज दूरचे पण स्पष्ट, आणि त्यानंतरचे ट्रंपेट न फाटता पूर्ण उघडलेले, हे दोन्ही ज्या प्रतीत मिळेल ती ठेवून द्यावी, मग तिचं लेबल कुठलंही असो.

दोष नेमका कुठला?

फाटका आवाज ऐकला की नवखा माणूस प्रेसिंगला दोष देतो. आधी झीज तपासा. पूर्वीच्या जड टोनआर्मनी आणि बोथट सुयांनी मोठ्या आवाजाच्या खाचा ओरबाडलेल्या असतात. तबकडी वरून चकाकत असली तरी जोरदार सोप्रानोच्या शिखरावर स्वर कापड फाडल्यासारखा होतो आणि हळू जागा मात्र स्वच्छ असतात. ही झीज. हळू-मोठ्याशी संबंध न ठेवता एका भागात फेरीगणिक येणारी सरसर किंवा चेनसारखी खरखर असेल तर व्हिनाइल साच्यात नीट भरलेलं नाही. तो प्रेसिंगचा दोष. पहिल्या छापाची झिजलेली प्रत ऐकून पहिल्या छापाबद्दल काहीही म्हणू नका. त्याच कटिंगची दुसरी प्रत मिळेपर्यंत तो रकाना रिकामा ठेवा.

मोठा स्वर येण्याआधी त्याची पुसट सावली ऐकू येते, तो प्री-एको. ती १.८ सेकंद आधी आली तर शेजारच्या खाचेतून आली असण्याचा संभव जास्त. पण खात्री तुलनेनेच होते: सगळ्या कटिंगमध्ये ती सारखीच असेल तर ती टेपमध्येच उतरलेली आहे, एकाच कटिंगमध्ये असेल तर त्या लॅकरची.

पुढचा अभ्यास

‘राइनगोल्ड’वर हात बसला की दोन दिशांना जाता येईल. एक, दोन वेगळ्या कंपन्यांची कटिंग. संचालक कारायान आणि सोप्रानो लिओंटीन प्राइस यांचा १९६२ चा व्हिएन्नातला ‘टोस्का’ डेक्काच्या चमूने आरसीए या अमेरिकन कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केला. अमेरिकेत तो आरसीएने काढला आणि पुढे डेक्काने स्वतःच्या लेबलावर आणला. एकाच ध्वनिमुद्रणाकडे दोन घराणी कशी बघतात हे इथे छान कळतं.

दुसरी दिशा मोनोची, म्हणजे एकाच वाहिनीच्या ध्वनिमुद्रणाची. गायक मारिया कॅलास, डी स्टेफानो, गोब्बी आणि संचालक व्हिक्टर दे साबाता यांचा ला स्कालामधला ‘टोस्का’ १९५३ चा, मुळात मोनो. अशा रेकॉर्डिंगची मोनो तबकडी शक्यतो मोनो कार्ट्रिजने वाजवा, निदान ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा. खाचेच्या उभ्या हालचालीतली बरीचशी खरखर तिथेच गळून पडते. पुढच्या काळात जुन्या मोनो रेकॉर्डिंगना कृत्रिम स्टिरिओचा मुलामा देऊन काढलेल्या आवृत्त्या दिसतील. आवाज दोन्हीकडे पसरवण्याच्या नादात गायकाची जागाच हरवते. त्या टाळा.

नोंदींसाठी साधी वही पुरते: बाजू, मॅट्रिक्स, मदर, स्टँपर, झीज, आणि चारही उताऱ्यांबद्दल दोन-दोन ओळी. ‘उबदार’, ‘डिजिटल’ असले शब्द लिहू नका. ‘व्होगलिंडे मध्यभागी, श्वास ऐकू येतो’, ‘मोठ्या ऐरणी वेगळ्या येत नाहीत’ असं लिहा. आणि उताऱ्यांवर निकाल लागला तरी प्रत विकण्याआधी दोन्हींची सहावी बाजू सलग, मधे न थांबता ऐका. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात जिंकणारं कटिंग पूर्ण बाजू ऐकताना थकवू शकतं, आणि ते कळायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.